सॉफ्टवेअर विकत घेताना न विचारले जाणारे प्रश्न

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : सॉफ्टवेअरची अंगभूत मजबुती आणि खरेदीदारांची उदासीनता

महोदय,

सायबर गुन्ह्यांविषयी आपल्या दैनिकात सातत्याने मजकूर येतो आणि तो आवश्यकही आहे. ओटीपी कुणाला सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, ‘डिजिटल अरेस्ट’ असा काही प्रकार कायद्यात नाही, ह्या सूचना आता बडोद्यात दांडिया बाजारापासून माकरपुऱ्यापर्यंत घरोघरी पाठ झाल्या आहेत. मात्र ह्या सगळ्या लेखनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की हल्ला म्हणजे माणसाची फसवणूक आणि बचाव म्हणजे माणसाची सावधगिरी. ज्या हल्ल्यात कोणी फोन करत नाही, कोणी लिंक उघडत नाही आणि तरीही यंत्रणा परक्याच्या ताब्यात जाते, त्याविषयी आपल्याकडे जवळजवळ बोललेच जात नाही. अशा हल्ल्यांचे मूळ सॉफ्टवेअरच्या बांधणीत असते. ही बांधणी भक्कम करणारे शोध गेली पंचवीस-तीस वर्षे लागत आले आहेत आणि त्यांपैकी बरेचसे विनामूल्य उपलब्ध आहेत. ते वापरले आहेत की नाहीत, हे विकत घेणारा विचारत नाही, म्हणून विकणाराही सांगत नाही. हे विचारले गेले पाहिजे आणि निविदेत व करारात लिहून घेतले गेले पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी सारी नोकरी बडोद्याच्या परिसरातील रासायनिक कारखान्यांत, इन्स्ट्रुमेंटेशन विभागात झाली, आणि निवृत्तीनंतर एका लहान सहकारी पतसंस्थेच्या व्यवस्थापक मंडळावर मी काम करतो. कोयली-नंदेसरीच्या पट्ट्यात ज्याने काम केले आहे त्याला बॉयलरची भीती समजावून सांगावी लागत नाही. बॉयलरसाठी आपल्या देशात १९२३ साली स्वतंत्र कायदा झाला; सेफ्टी व्हॉल्व नसलेला किंवा तपासणीचा दाखला नसलेला बॉयलर चालवता येत नाही, आणि स्फोट झालाच तर ‘कामगाराने सावध राहायला हवे होते’ असे म्हणून कारखानदाराला हात झटकता येत नाहीत. सॉफ्टवेअरमधले सेफ्टी व्हॉल्वही शोधले गेले आहेत. ते बसवले आहेत का, हे पाहणारा निरीक्षक बहुतेक ठिकाणी नाही, आणि तसे विचारणारे गिऱ्हाईकही नाही.

मूळ दुखणे काय आहे ते थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण ते कळल्याखेरीज उपायांची किंमत कळत नाही. सी ह्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम एखादे उपकाम सुरू करतो तेव्हा ते संपल्यावर कुठे परत यायचे, तो पत्ता मेमरीत नोंदवून ठेवतो. त्याच पत्त्याच्या शेजारी, बाहेरून येणारी माहिती साठवण्यासाठी ठरावीक लांबीची जागा राखलेली असते. आलेली माहिती त्या जागेत मावते की नाही हे तपासण्याची सक्ती सी भाषा करत नाही. ती जबाबदारी तिने प्रोग्रामरवर सोपवलेली आहे. माहिती जास्त लांब असली तर ती शेजारी सांडते, परतीचा पत्ता खोडला जातो, आणि पाठवणारा पुरेसा हुशार असेल तर त्या जागी त्याला हवा तो पत्ता लिहिला जातो. यंत्र मग निमूटपणे त्याचे काम करू लागते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस ह्या विद्यार्थ्याने सोडलेला किडा (एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा प्रोग्राम) ज्या मार्गांनी पसरला त्यांतला एक मार्ग नेमका हाच होता. ‘फिंगर’ ह्या साध्या सेवेच्या प्रोग्रामने ५१२ बाइटांची जागा राखली होती आणि किड्याने ५३६ बाइट पाठवले. त्या काळच्या सुमारे साठ हजार यंत्रांच्या इंटरनेटपैकी अंदाजे सहा हजार यंत्रे त्याने अडवली. फिंगरने वापरलेले, लांबी न तपासता माहिती वाचणारे, सी भाषेतले ‘गेट्स’ नावाचे फंक्शन (तयार उपकाम) भाषेच्या प्रमाणातून अधिकृतपणे वगळले गेले २०११ साली. दोषाचे कारण जगाला ठाऊक झाल्यावर तो दोष ज्या साधनातून उद्भवतो ते साधन मोडीत काढायला तेवीस वर्षे लागली, ही बाब आपल्या व्यवसायाविषयी बरेच काही सांगून जाते.

पहिला ठोस उपाय १९९८ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन येथे क्रिस्पिन कोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. परतीच्या पत्त्याच्या आधी एक यादृच्छिक संख्या ठेवायची आणि परत जाण्यापूर्वी ती शाबूत आहे का ते पाहायचे. बाहेरून सांडलेली माहिती पत्त्यापर्यंत पोहोचायची तर ती संख्या पुसूनच पुढे जाईल. संख्या बदललेली आढळली की प्रोग्राम तिथेच थांबवायचा. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून नेत असत त्या पक्ष्यावरून ह्या संख्येला ‘कॅनरी’ म्हणतात. पुढे आयबीएमच्या जपानमधील प्रयोगशाळेतील हिरोआकी एतो यांनी ही पद्धत सुधारली आणि २००६ पासून ती जीसीसी ह्या मुक्त कंपायलरमध्ये (प्रोग्रामरचे कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्राममध्ये) अंतर्भूत झाली. आज ती वापरण्यासाठी प्रोग्रामरला कोडची एक ओळही बदलावी लागत नाही; कंपायलरला आज्ञा देताना एक शब्द वाढवावा लागतो.

त्याच काळात आणखी दोन शोध पक्के झाले. माहिती साठवण्याच्या जागेतून सूचना चालवूच द्यायच्या नाहीत, हा पहिला. एएमडीने २००३ च्या आपल्या ६४-बिट प्रोसेसरमध्ये त्याची सोय केली आणि २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ती घरोघरच्या संगणकांत आणली. प्रोग्राम दर वेळी सुरू होताना त्याच्या भागांचे मेमरीतले पत्ते बदलून टाकायचे, म्हणजे उडी कुठे मारायची हे हल्लेखोराला आधी ठाऊक असणार नाही, हा दुसरा. तो २००१ साली पॅक्स नावाच्या गटाने लिनक्ससाठी करून दाखवला आणि लोकांना मोकळा दिला.

हल्लेखोरही स्वस्थ बसले नाहीत. आपले कोड आत आणता येत नसेल तर आत आधीच असलेल्या वैध कोडचे तुकडे सोयीच्या क्रमाने जोडून काम साधता येते, हे होवाव शाकम यांनी २००७ मध्ये पद्धतशीरपणे दाखवून दिले. मात्र त्यावरच्या उपायाची कल्पना दोन वर्षे आधीच, २००५ मध्ये, मार्टिन अबादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली होती. प्रोग्रामचे नियंत्रण ज्या वाटांनी जाणे वैध आहे त्यांचा नकाशा आधी करायचा आणि चालू असताना त्या वाटा सुटू द्यायच्या नाहीत, अशी ती कल्पना आहे. परतीच्या पत्त्यांची दुसरी, हात न लावता येणारी प्रत मेमरीत राखण्याची आणि तिचे रक्षण प्रोसेसरनेच करण्याची सोय इंटेलने २०२० पासून आपल्या प्रोसेसरांत दिली आहे. ह्यांपैकी एकही उपाय पुरता नाही, पण सगळे एकत्र असले की हल्ल्याचा खर्च इतका वाढतो की फुटकळ टोळ्यांना तो परवडत नाही.

इथे एका मुद्द्याकडे लक्ष वेधावेसे वाटते, तो संगणकवाल्यांपेक्षा इन्स्ट्रुमेंटवाल्यांना अधिक लवकर कळतो. ह्या बहुतेक उपायांचा अंतिम परिणाम ‘प्रोग्राम थांबवणे’ हा आहे. पतसंस्थेच्या सर्व्हरचा प्रोग्राम थांबला तर गिऱ्हाइके अर्धा तास खोळंबतात, आणि तिजोरी उघडी पडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. रिॲक्टरवर नजर ठेवणारा प्रोग्राम थांबला तर मात्र व्हॉल्व कोणत्या स्थितीत राहणार, पंप चालू राहणार की बंद होणार, ह्याचा विचार आधीच झालेला असला पाहिजे. म्हणून कारखान्यांच्या बाबतीत नुसते ‘सगळी संरक्षणे चालू करा’ असे म्हणून भागत नाही. थांबल्यावर यंत्रणा सुरक्षित अवस्थेत जाते, हे निराळे सिद्ध करून घ्यावे लागते.

उपाय हाती असूनही न बसवण्याची किंमत किती असते, ह्याचे उदाहरण २५ जानेवारी २००३ चे आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० मधील वर वर्णन केलेल्या जातीच्याच दोषातून ‘स्लॅमर’ हा किडा पसरला. त्याची एकूण लांबी ३७६ बाइट होती, म्हणजे ह्या पत्रातील एखाद्या मध्यम वाक्याहूनही कमी. दोषपात्र यंत्रांपैकी बहुतांश यंत्रे त्याने दहा मिनिटांत गाठली आणि एकूण किमान पंचाहत्तर हजार यंत्रे बाधित झाली. कॅनरीची कल्पना १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली होती. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कंपायलरमध्ये तिचे रूप आले २००२ मध्ये, आणि हे उत्पादन त्याआधीचे. दोषाची दुरुस्तीही सहा महिने आधी, जुलै २००२ मध्ये, जाहीर झाली होती, पण असंख्य ठिकाणी ती बसवलेली नव्हती. अमेरिकेतील ओहायोमधील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात हा किडा एका कंत्राटदाराच्या जोडणीतून, फायरवॉलला वळसा घालून शिरला आणि सुरक्षेची मापे दाखवणारी संगणकीय यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद राहिली. ते केंद्र त्या वेळी इतर कारणांनी बंदच होते, हे सुदैव. कंत्राटदाराच्या सोयीसाठी ‘तात्पुरती’ दिलेली आणि मग वर्षानुवर्षे तशीच राहिलेली जोडणी ज्याने पाहिली नाही, असा इन्स्ट्रुमेंट अभियंता मला अजून भेटलेला नाही.

आमच्या व्यवसायाच्या अधिक जवळचा प्रसंग २०१७ चा. सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल कारखान्यात थेट सुरक्षा-नियंत्रकांवर, म्हणजे सारे हाताबाहेर जाऊ लागल्यास कारखाना बंद करणाऱ्या शेवटच्या यंत्रणेवर, ‘ट्रायटन’ नावाचा हल्ला झाला. हल्लेखोरांनी नियंत्रकाच्या फर्मवेअरमधला (उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधला) तोवर अज्ञात असलेला दोष वापरला होता. त्यांच्याच कोडमधील गडबडीमुळे नियंत्रकांनी कारखाना बंद केला आणि चौकशी सुरू झाली, अन्यथा काय झाले असते ह्याची कल्पना नंदेसरीत राहणाऱ्यांना करता येईल. त्या नियंत्रकाच्या दर्शनी भागावर एक खरीखुरी किल्ली असते. ती ‘रन’वर असताना आतला प्रोग्राम बदलता येऊ नये अशी ती रचना आहे. त्या कारखान्यात ती ‘प्रोग्राम’वर ठेवलेली होती. हा शोध जुना, स्वस्त आणि उत्तम आहे, आणि दर वेळी नियंत्रण कक्षातून उठून पॅनलपर्यंत जाण्याचा कंटाळा त्याला निकामी करतो. सॉफ्टवेअरच्या मजबुतीविषयी बोलताना नुसत्या शोधांची यादी वाचून उपयोग नाही, ती किल्ली कुठे फिरवलेली आहे हे पाहणारा माणूसही करारात नमूद असावा लागतो, तो यासाठी.

दोष बाहेर येण्याआधी आपणच हुडकून काढण्याची जी पद्धत आज सर्वांत फलदायी ठरली आहे, तिचा उगम १९८८ च्याच शरद ऋतूतला आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते, बाहेर वादळ होते, आणि तारेतल्या खरखरीमुळे भलतीच अक्षरे जाऊन चांगले नावाजलेले युनिक्स प्रोग्राम बंद पडत होते. दुसऱ्या कोणी फोन कंपनीला शिव्या दिल्या असत्या. मिलर यांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला की प्रोग्रामांना मुद्दाम अर्थहीन अक्षरे खाऊ घाला आणि काय होते ते नोंदवा. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, तपासलेल्या युनिक्स प्रकारांवरील एक चतुर्थांश ते एक तृतीयांश प्रोग्राम कोसळले किंवा अडकले. ‘फझिंग’ ह्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत नंतर पुष्कळ चतुर झाली. कोणत्या अक्षरांमुळे प्रोग्रामचा नवा भाग जागा होतो हे पाहून पुढची अक्षरे ठरवणारी एएफएलसारखी साधने २०१३ पासून मोफत मिळतात, आणि सार्वजनिक वापराच्या मुक्त प्रकल्पांची अशी तपासणी गूगल २०१६ पासून अखंड करत आहे. चाचणी म्हणजे अपेक्षित माहिती भरून अपेक्षित उत्तर आले की शिक्का मारणे, एवढीच समजूत असलेल्या आपल्या बहुसंख्य पुरवठादारांनी ही पद्धत एक आठवडा जरी चालवली तरी त्यांना आपल्या मालाची नवी ओळख होईल.

अर्थात कॅनरी काय किंवा पत्ते बदलणे काय, हे सगळे झालेल्या चुकीनंतरचे उपाय आहेत. चूक घडूच न देणारी भाषा वापरणे हा त्यापुढचा टप्पा. कॅनडातील व्हँकूव्हर येथे राहणाऱ्या ग्रेडन होर ह्या प्रोग्रामरच्या इमारतीतली लिफ्ट २००६ मध्ये बंद होती, तिचे सॉफ्टवेअर कोसळले होते, आणि त्याला एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढावे लागले. अशा यंत्रांचे सॉफ्टवेअर सीसारख्या भाषांत लिहितात आणि ते मेमरीच्या चुकांनी कोसळते, हे त्याला माहीत होते; त्या वैतागातून सुरू झालेल्या ‘रस्ट’ ह्या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. मेमरीतली जागा कोणाच्या मालकीची आहे आणि ती कोण कधीपर्यंत वापरू शकतो, ह्याचा हिशेब रस्टचा कंपायलर प्रोग्राम तयार होतानाच तपासतो आणि तो जुळला नाही तर प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. आपण दर वर्षी दुरुस्त करत असलेल्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीविषयक असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते, यावरून ह्या बदलाचे महत्त्व लक्षात येईल.

ह्यावर हमखास येणारा आक्षेप असा की लाखो ओळींचे जुने कोड नव्या भाषेत कोण आणि कधी लिहिणार? त्याचे उत्तर अँड्रॉइडने दिले आहे आणि मला ते फार मोलाचे वाटते. गूगलने जुने कोड पुन्हा लिहिण्याचा उद्योग आरंभला नाही. नवे कोड शक्यतो सुरक्षित भाषांत लिहायचे, एवढेच धोरण धरले. २०१९ मध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षादोषांत मेमरीच्या दोषांचा वाटा ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. दोष प्रामुख्याने नव्याने लिहिलेल्या कोडमध्ये असतात आणि वापरात मुरलेल्या कोडमधले हळूहळू सापडून दुरुस्त होत जातात, हे त्यामागचे कारण. सगळे काही मोडून नव्याने बांधायला पैसा नाही, ही सबब त्यामुळे आता चालण्यासारखी नाही.

गणिती सिद्धतेचा मार्ग ह्याहूनही पक्का आहे. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये ‘सेल-फोर’ हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आपल्या तपशीलवार वर्णनाबरहुकूमच वागतो, हे संगणकाने पडताळलेल्या सिद्धतेने दाखवले गेले. त्यात सुमारे ८,७०० ओळींच्या सी कोडसाठी सिद्धतेच्या सुमारे दोन लाख ओळी लिहाव्या लागल्या. विमान, वैद्यकीय उपकरण किंवा वर सांगितलेला सुरक्षा-नियंत्रक अशा ठिकाणी तो खर्च समर्थनीय ठरेल. पतसंस्थेच्या व्याजाच्या हिशेबासाठी तो कोणी मागणार नाही.

आता आपल्याकडे पाहू. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या बाबतीत एक चांगले पाऊल उचलले आहे. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्याचे हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि सोर्स कोड मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय तो देशात विकता येत नाही. कारखान्यातून आलेला ठरावीक पासवर्ड तसाच राहिलेल्या कॅमेऱ्यांची फौज करून ‘मिराई’ ह्या घातक प्रोग्रामने २०१६ मध्ये काय गोंधळ घातला होता, ते लक्षात घेतले तर हा नियम उशिराच आला, पण आला. प्रश्न असा की जो न्याय गल्लीतल्या कॅमेऱ्याला, तोच घरातल्या वीज मीटरला का नसावा? २०२४ च्या मे महिन्यात स्मार्ट मीटरवरून आपल्या शहरात मोर्चे निघाले, पण त्या साऱ्या वादात चर्चा बिलाच्या रकमेची आणि आगाऊ पैसे भरण्याची झाली. त्या मीटरला दुरून वीज तोडण्याचा स्विच आहे आणि त्याचे फर्मवेअर दुरून बदलता येते, ह्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. येणारे नवे फर्मवेअर खरोखर अधिकृत पुरवठादाराचेच आहे, हे मीटर डिजिटल स्वाक्षरीवरून पडताळते का, आणि सर्व मीटरांना एकच गुप्त किल्ली दिलेली आहे की प्रत्येकाला निराळी, हे दोन प्रश्न कोणत्याही निवेदनात माझ्या वाचनात आले नाहीत. देशभर २५ कोटी मीटर बसवण्याचे लक्ष्य २०२१ मध्ये ठरलेले आहे. एकाच जातीचा एक दोष इतक्या घरांत बसवून घेण्यापूर्वी ह्या प्रश्नांची जाहीर आणि लेखी उत्तरे मागण्याचा ग्राहकांना अधिकार असला पाहिजे.

लहान बँकांचे दुखणे आणखी निराळे. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना सेवा देणाऱ्या एका तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला आणि राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेने तिला तात्पुरते वेगळे काढल्यामुळे देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या पेमेंट सेवा खोळंबल्या. त्या बँकांच्या खातेदारांनी ओटीपी कुणाला सांगितला नव्हता. पुरवठादाराचा पुरवठादार, त्याने वापरलेले फुकटातले सॉफ्टवेअर, त्या सॉफ्टवेअरने वापरलेली आणखी एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच), अशी ही साखळी असते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड ह्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेले चोरदार उघडकीस आले, ते आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते घटक कोणत्या आवृत्तीचे आहेत त्याची यादी पुरवठादाराने मालासोबत द्यावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. औषधाच्या बाटलीवर घटक छापण्याची सक्ती आहे. इथे ती अजून मार्गदर्शनापुरतीच आहे. युरोपीय संघाने मात्र कायदा करून टाकला आहे. डिसेंबर २०२७ पासून तिथे अशी यादी ठेवणे आणि सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या पुरवणे उत्पादकावर बंधनकारक होईल. आपल्या शहरातून युरोपला माल पाठवणाऱ्या नियंत्रण-उपकरणांच्या कारखानदारांनाही ते पाळावे लागणार असल्याने, तीच हमी देशातल्या गिऱ्हाइकाला देण्यास त्यांना वेगळा खर्च येऊ नये.

आमच्या पतसंस्थेत गेल्या वर्षी सॉफ्टवेअरचा देखभाल करार नव्याने करण्याची वेळ आली तेव्हा मी पुरवठादाराच्या प्रतिनिधीला काही प्रश्न विचारले. आपला प्रोग्राम तयार करताना कंपायलरची संरक्षणे चालू असतात का, आपण बाहेरचे कोणते घटक वापरता, त्यांपैकी एखाद्यात दोष जाहीर झाला तर किती दिवसांत दुरुस्ती द्याल, आणि दुसऱ्या कोणाला दोष आढळला तर त्याने तो कुठे कळवायचा? ‘काका, आपल्या सर्व्हरवर अँटिव्हायरस आहे आणि साइटवर कुलपाचे चिन्हही दिसते,’ असे उत्तर मिळाले. त्या तरुणाचा दोष नाही. त्याला असे प्रश्न यापूर्वी कोणी विचारलेच नव्हते. करारात संगणक बिघडल्यास किती तासांत माणूस येईल ह्याचे कलम होते, प्रिंटरच्या रिबनचेही होते, आणि सुरक्षा-दुरुस्तीचे एकही नव्हते. काउंटरवरच्या यंत्रांत विंडोज १० होते, ज्याच्या सर्वसाधारण मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि तो मुद्दाही कराराच्या बाहेरच होता. शेवटी तीन कलमे घालून घेतली : घटकांची यादी दर तिमाहीस द्यायची, गंभीर दोषाची दुरुस्ती जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत बसवायची, आणि नवी आवृत्ती स्वाक्षरीशिवाय स्वीकारली जाणार नाही. पुरवठादाराने थोडी कुरकुर करून ती मान्य केली आणि दर वाढवला नाही, हे नमूद केले पाहिजे.

लहान पुरवठादारांवर ह्याचे ओझे पडेल आणि काम मोठ्या कंपन्यांच्याच हाती जाईल, अशी शंका आमच्याच मंडळात एका सदस्यांनी घेतली आणि ती अगदीच निराधार नाही. प्रमाणपत्रांचा बाजार मांडला गेला तर तसे होईलही. म्हणून मला कागदी प्रमाणपत्रांपेक्षा तपासून पाहता येण्याजोग्या गोष्टींची मागणी बरी वाटते. तयार प्रोग्रामच्या फाइलीत कॅनरी आहे का, मेमरीच्या जागा बदलण्याची सोय आहे का, हे सांगणारी साधने फुकट आहेत आणि त्यांना काही क्षण पुरतात. मुक्त कंपायलरमध्ये ही संरक्षणे आयतीच मिळत असल्याने दोन माणसांच्या कंपनीलाही ती चालू करता येतात. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) अन्वये संगणक प्रोग्राम केवळ प्रोग्राम म्हणून पेटंटयोग्य नाही, यावर उद्योगात अधूनमधून नाराजी व्यक्त होते. मजबुतीच्या शोधांपुरते बोलायचे तर मला ती फारशी पटत नाही, कारण ह्या पत्रात उल्लेखिलेल्या उपायांपैकी जे सर्वांत दूरवर पोहोचले ते शोधकांनी मोकळे सोडले म्हणूनच पोहोचले.

बडोद्यापुरते काही सहज होण्याजोगे आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये उद्योगांना उपयोगी पडावे म्हणून कलाभवन स्थापले आणि आज तिथे विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. तिथल्या संगणक विभागाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दर वर्षी प्रकल्पाचे विषय शोधावे लागतातच. शहरातील पतसंस्था, सहकारी बँका आणि लहान कारखाने वापरत असलेल्या स्थानिक सॉफ्टवेअरची, पुरवठादाराच्या लेखी संमतीने आणि वेगळ्या प्रतीवर, फझिंगने तपासणी करण्याचा प्रकल्प त्यांना देता येईल. विद्यार्थ्यांना खरा माल हाताळायला मिळेल, आणि पुरवठादाराला जे काम विकत घेणे परवडत नाही ते होऊन जाईल. दोष आढळल्यास तो आधी पुरवठादाराला कळवून दुरुस्तीला ठरावीक मुदत द्यायची आणि मगच अहवाल प्रसिद्ध करायचा, हा संकेत जगभर रूढ आहे व तो इथेही पाळावा. आमच्या संस्थेच्या मंडळाने अशा तपासणीसाठी आपले सॉफ्टवेअर पुढे करण्याचा ठराव केला आहे आणि पुरवठादाराची संमती करारातच घेतलेली आहे. शहरातील इतर मराठी आणि गुजराती सहकारी संस्थांपैकी ज्यांची ह्यात सहभागी होण्याची इच्छा असेल, त्यांनी आपल्या दैनिकामार्फत तसे कळवल्यास विद्याशाखेकडे एकत्रित विनंती करता येईल. आपण ह्या पत्राला जागा द्यावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता
बडोदे